बांधाला किती मार्क

गव्हाणीत ऊस नव्हता. साखर कारखान्यात ज्या जागी उसाच्या मोळ्या टाकतात आणि जिथून त्या चरकाकडे सरकत जातात, तिला गव्हाण म्हणतात. सकाळची शिफ्ट आली तेव्हा तिचा तळ दिसत होता. यार्डात बैलगाड्यांची रांग असायला हवी होती. तिथे दोन कुत्री झोपली होती. थोड्याच वेळात चरक थांबला आणि 'नो केन' अशी नोंद झाली. यंत्र मोडून कारखाना थांबला तर इंजिनियरला जाब विचारतात. 'नो केन' झाले की शेतकी खात्याला.

मी शेतकी अधिकारी होतो. पण त्या सीझनचा तोडणी प्रोग्राम माझा नव्हता, चौगुल्यांचा होता. हे लक्षात आले आणि मला चहा प्यावासा वाटला.

प्रसंग सत्तरच्या दशकातला. कारखाना सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या हद्दीजवळचा. चौगुले सांगलीकडच्या जैन शेतकरी घरातले, मुंबईला ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे कामाची आखणी गणिताने करण्याचे शास्त्र, शिकून आलेले, वयाने माझ्याहून बरेच लहान. आमचे चीफ अ‍ॅग्रिकल्चर ऑफिसर सीझन संपताच रिटायर होणार होते. ती जागा माझी, असे दिवाळीपर्यंत सगळेच धरून चालले होते. दिवाळीनंतर चेअरमनसाहेबांनी चौगुल्यांना आणले. चेअरमनना आम्ही आबा म्हणत असू. माझ्या टेबलाशेजारी चौगुल्यांचे टेबल लागले. त्यावर काच होती. मी काच मागितली तेव्हा बजेट नव्हते. जीपची पुढची सीटही त्यांच्याकडे गेली. मी मागे, खताच्या नमुन्यांच्या पिशव्यांशेजारी.

तोडणी प्रोग्राम म्हणजे कोणाचा ऊस केव्हा तोडायचा, हे ठरवणे. ऐकायला सोपे आहे. ऊस कोवळा तोडला तर साखर कमी निघते, फार उशिरा तोडला तर वजन घटते. तोडलेला ऊस लगेच गाळावा लागतो. फड लांब असेल तर गाड्या जास्त लागतात. एक तोडणी टोळी हलवली की दुसरीकडच्या गाड्या अडकतात आणि गाड्या अडकल्या की गव्हाण रिकामी पडते. कारखान्याला साखर हवी असते, शेतकऱ्याला वजन, टोळीला जवळचा फड. तिघांनाही पसंत पडेल अशी तारीख कॅलेंडरात नसते.

माझी पद्धत जुनी होती. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. त्यात साखर वाया जायची. पण आपला नंबर केव्हा येणार, हे शेतकऱ्याला बांधावर बसून कळायचे.

चौगुल्यांनी प्रत्येक प्लॉटला मार्क दिले. गोडीला, वयाला, अंतराला, वाटेला. त्यातही गोडीला जास्त महत्त्व. ज्याची बेरीज मोठी, त्याची तोड आधी. पहिल्या महिन्यातच रिकव्हरी, म्हणजे उसातून निघणारी साखर, वाढली. आबा मीटिंगमध्ये म्हणाले, "ह्ये पोरगं उसाचा हेडमास्तर हाय, गड्यांनो!" सगळे हसले. मीही हसलो. मार्कांचा तो तक्ता मी घरी नेला आणि त्यात चूक शोधली. चूक नव्हती. चूक असती तर झोप लागली असती.

त्या सकाळी आबांनी दोघांनाही बोलावले.

"गाड्या कुठं गेल्या?"

"ओढ्यापलीकडच्या शिवारात अडकल्यात," चौगुले म्हणाले. "दत्तोबा नावाच्या शेतकऱ्यानं गाडीवाट नांगरलीय."

"एका माणसानं वाट नांगरली आन् माझा कारखाना बंद? जावा दोघं. माने, तुमी बी जावा. तिथनं गाड्या घेऊनच या."

ओढ्यापलीकडे एकाच जातीचा ऊस होता, एकाच वेळी पिकला होता. मार्क सारखे पडले म्हणून बहुतेक टोळ्या एकाच वेळी तिकडे गेल्या होत्या. बाहेर यायला वाट एकच, ओढा उतरून अलीकडच्या दत्तोबाच्या बांधावरून. वाटेवर बाभळीच्या काट्या रचल्या होत्या. पलीकडे भरलेल्या गाड्या उभ्या, बैल सोडलेले. काट्यांजवळ दत्तोबा तंबाखू मळत बसला होता.

चौगुले त्याच्यासमोर उकिडवे बसले. त्यांचा स्वभाव चांगला होता. तेही मला खटकत असे.

"तुमचा ऊस अजून भरतोय. थोडं थांबलात तर वजन वाढेल. यात तुमचाच फायदा आहे."

"फायदा दादाला द्या, सायेब. मला नंबर द्या."

दादा म्हणजे थोरला भाऊ गणपतराव. त्याचा फड ओढ्यापलीकडेच होता आणि त्याला तोड लागली होती.

"त्यांचा ऊस लवकर पिकणारा आहे. म्हणून त्यांना मार्क—"

"लागण कुणाची आधी? माझी. आन् गाडी कुणाची आधी? त्येची. त्यो माझ्याच बांधावरनं, माझ्याच म्होरनं, गाणं म्हणत गाडी न्हेतोय. गाणं!"

"अहो, पण उशिरा तोडला तर पैसे जास्त मिळतात."

"मिळंनात. मी काय पैशाचं बोलतोय व्हय?"

चौगुल्यांनी माझ्याकडे पाहिले. स्वतःचा फायदा नको म्हणणारा माणूस त्यांच्या तक्त्यात बसत नव्हता. मला दत्तोबाचे म्हणणे पहिल्याच वाक्यात कळले होते. गाणे म्हणत जाणारी गाडी कशी दिसते, हे मला दिवाळीपासून माहीत होते.

मी सुचवले, "टोळी इकडे घेऊ. आधी दत्तोबाचा ऊस तोडू."

काट्यांपलीकडून गणपतराव ओरडला, "आवं माने सायेब, टोळी माझ्या फडातनं हालली तर मी ओढ्यातली वाट खणीन! थोरला मी हाय!"

"थोरला हाय तर थोरल्यावानी ऱ्हा की!" दत्तोबा बसल्या जागेवरून ओरडला.

चौगुले हळूच म्हणाले, "याला उत्तर नाही."

"आहे. टोळी निम्मी करा. दोन्ही फडांत एकाच वेळी कोयता लावा."

"तोड संथ होईल. दत्तोबाची गोडी पण कमी आहे."

"गाड्या तर सुटतील."

मुकादम कुरकुरला, पण टोळी निम्मी झाली. दत्तोबाने स्वतः काट्या ओढल्या आणि नांगरलेली वाट पायाने तुडवून दिली. अडकलेल्या गाड्या निघाल्या. दुपारी दोन्ही भावांच्या ताज्या उसाच्या गाड्या एकदमच निघाल्या. आम्ही जीपने मागे होतो. दत्तोबाच्या बैलांच्या शिंगांना रुमाल होते, ते गणपतरावाने पाहिले आणि बैल पळवले. कारखान्याच्या गेटात दोन्ही गाड्या एकदम घुसल्या आणि चाकाला चाक अडकले. मागे सगळी रांग थांबली.

"आता?" चौगुले म्हणाले.

"वजनकाटे दोन आहेत," मी म्हणालो. "एकाच वेळी दोन्हीवर घ्या."

चाके सोडवली आणि दोन्ही गाड्या एकदम काट्यांवर चढल्या. संध्याकाळी चरक सुरू झाला. दत्तोबाच्या उसाचे वजन चौगुल्यांनी सांगितल्याप्रमाणेच कमी भरले.

"थांबला असता तर—" मी दत्तोबाला म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या वं. दादाचं तोंड बघितलं न्हवं तुमी? लय भारी!"

शिवारातून परतीच्या वाटेवरच चौगुले विचारात पडले होते. "एकाच वाटेनं बाहेर पडणारे असे प्लॉट किती असतील?" आठवड्यात त्यांनी तक्त्यात नवा रकाना घातला. नाव दिले 'बांध'. एका गाडीवाटेवरच्या भाऊबंदांचे प्लॉट एक धरायचे आणि तोड एकदम लावायची. रिकव्हरी किंचित उतरली. त्या सीझनला ऊस नाही म्हणून चरक पुन्हा थांबला नाही.

सीझन संपल्यावर संचालकांची मीटिंग झाली. चौगुल्यांनी स्पष्ट सांगितले, "बांधाची कल्पना मान्यांची आहे." त्यांनी ते लपवले असते तर मला राग धरायला एक कारण मिळाले असते.

आबा खूश झाले. त्यांनी तिथेच निकाल दिला. "झ्याक! चौगुले, तुमी खातं बघा. माने, तुमी बांध बघा."

चौगुले चीफ झाले. मी पुढे रिटायर होईपर्यंत बांध पाहिले.

एकदा त्यांनी मला विचारले, "त्या दिवशी दत्तोबाचं म्हणणं तुम्हाला लगेच कसं कळलं?"

"अनुभव," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. या धंद्यात येणाऱ्यांना मी एवढेच सांगतो, की तक्त्यात कशालाही कमी मार्क द्या, पण मत्सराला शून्य देऊ नका.

पुढच्या सीझनला चौगुल्यांनी माझ्या टेबलाला काच मंजूर केली. त्यांच्या टेबलावरच्या काचेएवढीच, तेवढ्याच जाडीची. ते बाहेर गेले असताना मी मोजून पाहिली.