लाखेच्या घरातला दिवा

माझ्या हातातला गॅस ओळखणारा मीटर वाजायला लागला तेव्हा लाखेच्या घरात सहा माणसं बसली होती. पाच तरुण नट आणि त्यांच्या आईचं काम करणाऱ्या जोशीताई. महाभारतावरच्या हिंदी सिनेमाचं शूटिंग होतं, सिल्वासाजवळ, गलोंडा गावाच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटवर. पाच भावांना आईसकट जाळायला बांधलेलं ते घर आज पेटायचं होतं.

मी सिल्वासातल्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होतो. रिटायर झाल्यावर सेटवरच्या आगीवर लक्ष ठेवायची असली कामं घेतो. सिनेमातली आग म्हणजे भिंतीच्या कडेने टाकलेले भोकांचे लोखंडी पाइप आणि रबरी नळीतून येणारा सिलिंडरचा गॅस. व्हॉल्व्ह उघडला की ज्वाळा, बंद केला की खेळ खलास. फक्त तो गॅस मधेच गळता कामा नये. तो हवेपेक्षा जड असतो. जमिनीलगत पसरत जातो आणि ठिणगी भेटली की मग कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

नळीत गॅस भरून प्रेशर बघताना आत माणूस नको, असं मी बजावलं होतं. पण ऐकतंय कोण? उजेड जाईल म्हणून प्रॉडक्शनच्या खन्नाने टेस्ट चालू असतानाच सगळ्यांना आत नेऊन बसवलं. आणि दाराजवळचा एक जॉइंट गळायला लागला.

"व्हॉल्व्ह बंद!" मी ओरडलो. व्हॉल्व्ह बंद झाला, पण बाहेर पडलेला गॅस थोडाच परत नळीत जातो?

खन्ना धावत आला. "अंकल, टेन्शन मत लो. लाइट बंद करवा देता हूँ."

"बटणाला हात लावू नका! चालू आहे ते चालू राहू द्या!" बटण दाबताना आत बारीकशी ठिणगी पडते. तेवढी पुरते.

पोरांना एकेक करून सावकाश बाहेर काढलं. जोशीताई पार मागच्या भिंतीपाशी मांडी घालून बसलेल्या. गुडघे धरलेले, अंगावर जड नऊवारी. त्यांना आणायला मी उंबऱ्यात पाय टाकला आणि नाकात वास शिरला. तिळाच्या तेलाचा, जळत्या वातीचा.

"आत दिवा कोणी ठेवलाय?"

मग सेट उभारणारा रामदास पुढे आला. धुळ्याकडचा, माझ्याच मुलखातला.

"मुहूर्ताचा दिवा शे साहेब. ताईंच्या मागे, पाटाखाली."

"अरे, सकाळी विचारलं होतं ना, आत काही पेटतंय का म्हणून?"

"पेटतंय कुठे साहेब? देवाचा दिवा शे तो. पॅक-अपपर्यंत विझू द्यायचा नाही म्हणून झाकून ठेवला. थांबा, मी उचलून आणतो."

आणि निघालाच! मी त्याची कॉलर धरली. पेटता दिवा हातात घेऊन हा पठ्ठ्या गॅसमधूनच दारापर्यंत येणार होता. गॅस दारापासून मागच्या भिंतीकडे सरकत होता. ताईंपर्यंत पोचायला किती वेळ, ते देवालाच ठाऊक.

"ताई, मागे पाटाखाली दिवा आहे. वात तेलात बुडवा. फुंकू नका, फुंकली की धुमसत राहते."

ताईंनी पाट सरकवला आणि हात आखडता घेतला. "अहो, मुहूर्ताचा दिवा हा. सगळं आयुष्य रंगभूमीवर गेलं माझं. मी कशी मालवू?"

"ताई, पाया पडतो तुमच्या!" नोकरीत मी वरच्या साहेबांनाही कधी असं म्हटलं नव्हतं. घाबरलो होतो हो मी, सरळ सांगतो. हातातला मीटर आता न थांबता वाजत होता.

तेवढ्यात रामदास माझ्या कानाशी ओरडला, "मालवा ताई! पाप लागलं तर मला लागू द्या!"

ताईंनी दिव्याला हात जोडले. तशा वेळीसुद्धा! मी मनातल्या मनात शिव्या घालत होतो. मग त्यांनी बोटाने वात तेलात दाबली.

मी आणि रामदासने त्यांना दोन्ही बाजूंनी धरून बाहेर आणलं. बोटाला टरारून फोड आला होता. सेटच्या मागच्या बाजूला बांधलेल्या ताडपत्र्या सोडल्या, वारा खेळू दिला. मीटर गप्प झाल्यावर जॉइंट बघितला, तर क्लॅम्प सैल. खन्ना घड्याळ दाखवायला लागला, तेव्हा मी त्यालाच आधी आत जाऊन बसायला सांगितलं. त्याने शॉट दुसऱ्या दिवसावर ढकलला.

रामदासला चांगला फैलावर घेणार होतो. पण तो जनरेटरमागे बसून हमसाहमशी रडत होता. दोघांनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी घर झकास पेटलं, कोणाला खरचटलंही नाही. आता कुठल्याही सेटवर गेलो की गॅस, वेल्डिंग, बिडी-काडी सगळं विचारून घेतो. तिथे सगळेच छातीठोक नाही म्हणतात. मग विचारतो, "देवाचं काही ठेवलंय का आत?" त्या प्रश्नाला अजून एकाही सेटवर 'नाही' ऐकलेलं नाही.