लाल गाडी आणि दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद

पेणला आमच्या पडवीत पापड लाटायला आठ-दहा बायका बसतात. हात गुंतलेले, तोंडं मोकळी. अर्धा तास झाला की कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, तो गाडीचा किस्सा सांगा ना."

"कुठला?" मी विचारते. कारण त्या लाल गाडीने दोन वर्षांत इतके किस्से दिलेत, की एक सांगायला घ्यावा तर मागून दुसरा धक्का मारतो. गाडीलाही आम्ही असाच धक्का मारायचो, म्हणून असेल!

जे आठवतात ते सांगते.

*

गाडी रोह्याच्या डॉक्टरकाकांची. त्यांच्या वडिलांनी घेतलेली. दोन माणसांची, बिनटपाची, बसकी स्पोर्ट्स कार. वय माझ्यापेक्षा जास्त. ती कित्येक वर्षं काकांच्या गोठ्यात उभी होती आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची.

आमचे हे डोलवीच्या कंपनीत फिटर. शिफ्ट संपली की यांचा जीव जुन्या इंजिनात. हे गाडी बघायला गेले, सोबत मी. यांनी बॉनेट उघडलं, साफसफाई केली, नवी बॅटरी जोडली. तासाभराने इंजिन खोकत खोकत सुरू झालं.

डॉक्टरकाका आत गेले आणि स्टेथोस्कोप घेऊन आले. कानाला लावला, दुसरं टोक इंजिनावर इथे तिथे ठेवलं. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तिसऱ्या सिलेंडरच्या छातीत कफ आहे."

आम्ही हसलो. गाडी पेणला आणून यांनी इंजिन खोललं. खराब निघाला तो तिसराच!

*

आता खरी गोष्ट. गाडीतल्या छोट्या कप्प्याच्या झाकणावर आतून पेन्सिलने लिहिलेलं आहे : दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद. खाली काकांच्या वडिलांची सही.

गागोद्याच्या बाजूला डोंगरात एक दगडाची खाण होती. आता बंद आहे. तिथवर जाणारा सव्वादोन किलोमीटरचा चढ आहे, पाच वळणांचा. काकांच्या वडिलांनी तरुणपणी हीच गाडी तो चढ तेवढ्या वेळात वर नेली होती. काकांनी स्वतः पुष्कळदा प्रयत्न केला. त्यांना जमलं नाही.

काकांचा मुलगा पुण्याला असतो. त्याने मुंबईचं एक गिऱ्हाईक ठरवलं होतं. गाडी काचेच्या शोरूममध्ये ठेवणार होते. मुलगा म्हणाला, "बाबा, ती आता चालणारी गाडी नाही. शोभेची वस्तू आहे."

काका म्हणाले, "आजोबांची वेळ मोडली तर चालते म्हणशील?"

"मोडा. पण या पावसाळ्याच्या आत. नाहीतर जाऊ द्यायची."

काका तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे. आमच्या ओट्यावर बसून ते यांना एवढंच म्हणाले, "ही काचेत गेली तर मी भेटायला जाणार नाही." चहा तसाच ठेवून एसटीला निघाले.

त्या दिवसापासून आमचे रविवार गाडीचे झाले.

*

रंगाचं काम नंदूकडे. नंदू आमच्याच आळीत गणपतीच्या कारखान्यात रंगारी. हात असा हलका, की मूर्तीच्या बोटावर अंगठी काढली तर ती काढून ठेवावीशी वाटेल.

गाडीला पोचे पुष्कळ. नंदू म्हणाला, "दादा, सोडा माझ्यावर." त्याने दोन दिवसांत गाडी अशी गुळगुळीत केली की हात फिरवत राहावं. वर लालभडक रंग. मागच्या मडगार्डला थोडी सोनेरी वेलबुट्टीसुद्धा. सवय, दुसरं काय!

पहिल्या चढाईला दुसऱ्या वळणावर धाड्कन आवाज झाला. मडगार्डचा मोठा तुकडा रस्त्यात पडला. उचलून बघतो तर आत पांढरं. नंदूने सगळे पोचे प्लॅस्टरने भरले होते. गणपतीच्या प्लॅस्टरने!

हे ओरडले, "अरे नंद्या, हे काय?"

नंदूला तुकड्याचं फार वाईट वाटलं. तो हातात धरून म्हणाला, "दादा, आमची मूर्ती लोक सांभाळून नेतात. तिसऱ्या गियरमध्ये कोण नेतं?"

नंतर यांनी पत्रा ठोकून दिला आणि नंदूने पुन्हा रंगवला. पण हेडलाइटभोवती तो जी बारीक काळी रेघ काढणार होता, ती काढेना. मी विचारलं तर म्हणाला, "वहिनी, आखणी शेवटी. मूर्ती पूर्ण झाल्याशिवाय आम्ही डोळे उघडत नाही. हिचं काम अजून कुठे पूर्ण झालंय?"

बारीक ब्रश मात्र त्याच्या खिशात कायम असायचा.

*

रोह्याजवळ एका बंद कारखान्याच्या आवारात सरळ रस्ता आहे. तिथे एका रविवारी पुण्याची हौशी मंडळी आली. अर्ध्या किलोमीटरची शर्यत, दोन-दोन गाड्या शेजारी शेजारी, जिंकेल त्याला नारळ. त्यांच्याकडे चकचकीत हेल्मेटं, हातमोजे. आमच्याकडे यांचं मोटारसायकलचं हेल्मेट आणि डब्यात पोहे.

झेंडा दाखवायला आमचे तुकाराममामा. मामा रेल्वेतून रिटायर झालेले. आयुष्य रोहा स्टेशनवर गेलं, झेंड्यात त्यांचा हात कोण धरणार?

दोन्ही गाड्या तयार. मामांनी आमच्या गाडीला हिरवा दाखवला. हे सुटले! आणि पुण्याची गाडी हलणार तेवढ्यात मामांनी तिच्यासमोर तडक लाल धरला. बिचाऱ्याने करकचून ब्रेक मारला.

हे पलीकडे पोचून हात उंचावतात, तर मागे कुणीच नाही!

पुण्याचा माणूस हेल्मेट काढून म्हणाला, "अहो मामा, दोघांना एकदम सोडायचं होतं!"

मामा शांत. "सिंगल लाइन हाय ही. एका टायमाला एकच गाडी. ती पोचल्याबिगर दुसरी सुटत नाय."

मंडळी दिलदार. पोट धरून हसली. शर्यत पुन्हा झाली, त्यात आम्ही थोडक्यात हरलो. पण पहिल्या खेपेचा नारळ मामांनी परत द्यायला साफ नकार दिला. "गाडी टायमावर पोचली. नारळ तिचा."

*

चढावर मात्र घड्याळ काही ऐकेना. मी वर खाणीपाशी स्टॉपवॉच घेऊन उभी राहायची. खालून मामा फोनवर शिट्टी मारायचे, की मी बटण दाबायची. दोन बावन्न. दोन एकावन्न. पुन्हा दोन बावन्न.

वजन कमी करायचं ठरलं. स्पेअर व्हील काढलं, जॅक काढला, शेजारची सीट काढली. नंदू यांच्याकडे बघत म्हणाला, "दादा, अजून एक मोठी वस्तू आहे. पण ती तुमच्या बेल्टच्या वर आहे."

हे तेव्हा चौऱ्याण्णव किलो. मनावर घेतलं. रात्रीचा भात बंद, तळलेलं बंद. मीही घरात कढई काढली नाही. पंधरा दिवसांनी बघतो तर काटा तिथेच!

एक दिवस पाना शोधायला मी यांचा टूलबॉक्स उघडला. खाली कागदात नीट गुंडाळलेले चार तळलेले पापड.

मी ते यांच्यासमोर धरले. हे जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "असू दे तिथे. इंजिनाचं गॅस्केट आहे ते."

*

तिसऱ्या वळणापाशी आदिवासी वाडी आहे. तिथली जनीबाय माझ्याकडे पापड लाटायला येते. सकाळी वाडीतल्या बायकांना आणायला आणि संध्याकाळी सोडायला मीच माझा जुना टेम्पो घेऊन त्या चढाने जाते. रविवारी चढाई असली की जनीबाय वळणावर उभी राहून रस्ता सांभाळायची. तिने हात वर केला तरच गाडी सुटायची.

एका रविवारी काकांचा मुलगा आपली मोठी नवी गाडी घेऊन आला. जनीबायने त्याला वाडीपाशी अडवलं. त्याने हॉर्न वाजवला. तिने ढुंकून पाहिलं नाही. शेरडं रस्त्यात, ती शेरडांत.

काच खाली करून तो म्हणाला, "मावशी, मला वर जायचंय. ती गाडी माझ्याच वडिलांची आहे."

"मंग तुला ठावं पायजे," जनीबाय म्हणाली. "ती येताना कुनी मधी यायचा नाय. तुजी मोठी हाय म्हनून काय झाला?"

तिने शेरडं कडेला घेतली आणि हात वर केला. मिनिटाभरात लाल गाडी त्याच्या नाकासमोरून गेली. मागोमाग तोही वर आला. आणि मी पाहिलं, स्टॉपवॉचकडे त्यानेही मान वाकडी करून बघितलं होतं!

*

आणि हा शेवटचा. बायका मला हाच पुन्हा पुन्हा सांगायला लावतात.

मे महिन्यातला शेवटचा रविवार. चढाच्या पायथ्याशी मुंबईहून ट्रक येऊन उभा होता. दोर, ताडपत्री, सगळी तयारी. सोबत पांढऱ्या शर्टातला एक सभ्य माणूस. काकांचा मुलगाही आलेला, तो वर आमच्यासोबत. काका वर खाणीपाशी दगडावर बसलेले, गुडघ्यांवर हात ठेवून. नंदू त्यांच्या शेजारी.

यांनी पहिली खेप केली. दोन सत्तेचाळीस. इतकी चांगली वेळ यांची कधीच आली नव्हती. अर्धा तास इंजिन थंड केलं. दुसरी खेप. दोन सेहेचाळीस.

तिसऱ्या वळणावर गाडी दरवेळी कर्रर्र करायची. तिथे दुसरा गियर टाकावा लागतो, आणि तो सरळ पडतच नाही. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच, मग गियर. यांना ते माहीत होतं, पण घाईत हात चुकायचा. मी वर उभी राहून आवाजावरून सांगू शकायची, आता चुकला.

हे गाडीतून उतरले आणि तोंडावर पाणी मारून खाली बसले. तेवढ्यात जनीबाय वळणावरून चढून वर आली. धापा टाकत माझ्यासमोर उभी राहिली.

"गो वयनी, तू का नाय बसत?"

"मी?"

"रोज आमाला घेऊन ह्याच चढानं येतंस ना? तुजा टेम्पो माझ्या वळनाव कदी कर्र करतो का? पंचवीस कोसावरून तुज्या नवऱ्याचा गेर ऐकू येतो!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या टेम्पोच्या दुसऱ्या गियरचं तेच दुखणं आहे. दहा वर्षं.

यांनी मला विचारलं, "क्लच दोनदा दाबतेस?"

"दोनदा. रोजच."

"आणि मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

यांनी हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि स्टॉपवॉच मागून घेतलं.

यांनी गाडी खाली आणून दिली, मला मुलाने त्याच्या गाडीतून आणलं आणि यांना घेऊन तो परत वर गेला. मी बसले तर स्टिअरिंगच्या वरून रस्ताच दिसेना! मामांनी ट्रकमधून खाली घ्यायला एक भरलेलं पोतं आणलं. मी म्हटलं, "नको मामा, एवढा उपद्व्याप वजन कमी करायला केला ना?" मग पापड वाळत घालायची दोन जुनी लुगडी टेम्पोत होती, ती घडी करून खाली घेतली. साडीचा पदर कमरेला खोचला. माझं वजन पन्नास किलो, लुगड्यांसकट.

पांढऱ्या शर्टातला माणूस हळूच ट्रकवाल्याला म्हणाला, "या चालवणार?"

मामांनी त्याच्याकडे बघितलं. "बाजूला व्हा. लाइन क्लिअर हाय." आणि हिरवा दाखवला.

पहिलं वळण कसं गेलं मला आठवत नाही. दुसऱ्यावर मागचं चाक खडीवर थोडं घसरलं, मी स्टिअरिंग सोडलं नाही. मग जनीबायची वाडी. सगळ्या बायका रस्त्याच्या कडेला ओळीने उभ्या. एरवी याच वळणावर त्या माझ्या टेम्पोत बसतात. क्लच, न्यूट्रल, रेस, क्लच, दुसरा. लोण्यात सुरी जावी तसा पडला! मागून बायकांचा आवाज आला तो थेट खाणीपर्यंत माझ्याबरोबर आला.

वर पोचले. ब्रेक लावला. समोर आमचे हे, हातात घड्याळ, तोंड उघडं.

डॉक्टरकाका उठले. यांच्या हातातून घड्याळ घेतलं. चष्मा वर केला, खाली केला.

"दोन अडतीस," काका म्हणाले. मग मुलाकडे वळून पुन्हा, "दोन अडतीस!"

मुलगा तिथेच उभा. त्याने घड्याळ स्वतः हातात घेऊन बघितलं. मग फोन लावला. "ट्रक परत पाठवा," म्हणाला. "गाडी चालते."

ट्रक अगदीच रिकामा गेला असं मात्र म्हणता येणार नाही. त्या सभ्य माणसाने माझ्याकडून पोह्याचे पापड नेले. दहा डबे!

पण ते नंतर. त्या वेळी मी अजून गाडीतच होते. हात स्टिअरिंगला चिकटलेले. काका माझ्या बाजूला आले, कप्प्याचं झाकण उघडलं, खिशातून पेन्सिल काढली. वडिलांच्या सहीच्या खाली तिचं टोक टेकवलं.

"थांबा काका," नंदूचा आवाज आला.

तो गाडीच्या पुढे मातीत मांडी घालून बसला होता. एका हातात काळ्या रंगाची डबी, दुसऱ्या हातात तो बारीक ब्रश.

"आधी डोळे."