मशीनची पूजा

माझा उजवा हात बारामतीच्या एमआयडीसीत गेला, पशुखाद्याच्या कारखान्यात. तिथं पेंड पुढं ढकलणारा एक लोखंडी स्क्रू असतो. त्यावर जाळी हवी. पण जाळीत पेंडीची ढेकळं अडकून काम थांबतं, म्हणून मालकानं ती काढून कोपऱ्यात टाकली होती. आम्ही चालू मशीनमध्ये हात घालून ढेकळं फोडायचो. त्या दिवशी स्क्रूनं आधी बाही धरली, मग बोटं, मग मनगट. ऊस मोडावा तसा हाडाचा कडकन आवाज मी स्वतः ऐकला. दुखायला नंतर लागलं. शेजारी दाजी काम करत होते, म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. त्यांनी बटण बंद केलं, स्क्रू उलटा फिरवून मला ओढून काढलं. हात आतच राहिला. पेंडीचा लाल चिखल झाला होता.

मी दवाखान्यात बेशुद्ध असताना कामगारांनी मशीन धुतलं. मशीननं रक्त घेतलं की त्याला शांत केल्याशिवाय आमच्याकडं कुणी पुन्हा चालवत नाही. हळदकुंकू झालं, लिंबू बांधलं, नारळ मालकानंच आणून दिला. दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले, तेव्हा मशीन लखलखीत होतं, गळ्यात हार होता आणि जाळी घट्ट बसवलेली होती.

दोष माझ्यावर ढकलून मालकानं लिहून दिलं, की जाळी कायम असायची, त्या दिवशी मीच काढली. मुद्दाम जाळी काढणाऱ्याला कायद्यानं भरपाई मिळत नाही, असं माझा वकील म्हणाला, तेव्हा माझं डोकं फिरलं. जाळी बसवली होती दाजींनी.

आमच्या अंथुर्ण्याहून तडक बहिणीचं गाव, कन्हेरी गाठली. दाजी गोठ्यात धार काढत होते. आमच्यात दाजींच्या पाया पडतात. मी डाव्या हातानं दुधाची किटली उचलली आणि त्यांच्या तोंडावर हाणली. पुढचा दात शेणात पडला. बहीण किंचाळत मध्ये आली, तिलाही ढकललं.

"जाळी का लावली?"

"अरं, भंगलेल्या देवाला कुणी हळद लावतं व्हय?" रक्त थुंकत दाजी म्हणाले. "पूजा करायची तर मशीन धड नको? तू जगावास म्हणून केली रं!"

मला जराही दया आली नाही. आणखी एक लाथ घालून निघालो.

पुण्याच्या कामगार न्यायालयात माझ्या वकिलानं दाजींनाच साक्षीला बोलावलं. मला त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. पण ते सरळ म्हणाले, "जाळी नव्हतीच. पूजेसाठी मी लावली."

मालकाचा वकील उठला. "हा दात कुणी पाडला?"

"मेव्हण्यानं."

"म्हणजे मारहाण करून साक्ष द्यायला लावली!" तो न्यायाधीशांकडं वळून हसला. सगळं माझ्याच हातानं घालवलं होतं.

दाजींनी कठडा धरला. "साक्षीसाठी न्हाय मारलं, सायेब. मी जाळी लावली म्हणून मारलं. ती आधीच असती, तर ह्यानं मला कशाला मारलं असतं?"

वकील खाली बसला.

भरपाई मंजूर झाली. दुसऱ्याच दिवशी दाजींना कारखान्याच्या गेटवरून परत पाठवलं. ते कळताच मी लोखंडी पाना घेऊन मालकाकडं निघालो होतो. दाजींनी माझा उरलेला हात धरला आणि संध्याकाळपर्यंत सोडला नाही.