खैरुनबीचा वड

घाटंजीत रहेमान पिंजारी वारला तेव्हा त्याच्यामागे कापूस पिंजायची एक धनुकली, शब्बीर नावाचा मुलगा आणि बायको खैरुनबी एवढंच उरलं. धनुकली शब्बीरनं उचलली. खैरुनबीला मात्र कापसापेक्षा शेळ्यांचं वेड. कुणाची शेळी अडली की माणूस आधी तिच्या दारात यायचा, मग तो मुसलमान असो की कुणबी. ओल्या पिलाच्या नाकाला तोंड लावून ती अशी फुंकर घालायची, की मेलं म्हणून बाजूला ठेवलेलं पिलूही तंगड्या झाडायला लागायचं. मोबदला म्हणाल तर गुळाचा चहा. गूळ कमी पडला, तर घरधनिणीला चार शब्द सुनावल्याशिवाय बाई उठायची नाही.

शेळी व्याली की शेवटचं काम ठरलेलं. पिलामागून पडणारी वार चिंधीत बांधून नाल्याकाठच्या वडाला टांगायची. वड चिकाचं झाड, त्याला वार बांधली की शेळीला दूध भरपूर येतं, असं खैरुनबीला तिच्या सासूनं सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. त्यातही खैरुनबीनं बांधलेली वार लाभते, असा लोकांचा समज. तिलाही तो गोड वाटायचा, खोटं कशाला बोला.

एकोणीसशे साठ साल उलटल्यावर एका हिवाळ्यात शेळ्या गाभडू लागल्या. दिवस भरायच्या आत पिलं टाकायच्या. पुंडलिकरावांच्या गोठ्यात तर एकीमागून एक. खैरुनबी धावून जायची, मेलेल्या पिलांनाही फुंकर घालून पाहायची आणि रडत घरी यायची. त्यातच तिला तापानं धरलं. ताप यायचा, घामानं पातळ भिजवून जायचा, चार दिवस बरे गेले की पुन्हा हजर. कंबर अशी धरली की उठताना भिंतीचा आधार लागे. लोक म्हणाले हिवताप. मग कुणीतरी म्हणालं, बाईच्या हातात आता काही राहिलं नाही, ती जिथं जाते तिथं शेळी गाभडते. गावाला एवढं पुरे झालं. तिला बोलावणं बंद पडलं.

पुंडलिकरावांची बायको तानाबाई तिची जिवाभावाची मैत्रीण. त्यांची शेळी अडल्याचं कानावर येताच खैरुनबी न बोलावताच निघाली. तानाबाई दारातच आडवी उभी राहिली आणि शेळी बरी आहे म्हणाली. आतून शेळीचं ओरडणं ऐकू येत होतं. खैरुनबी मागे फिरली. घरी येऊन तिनं आपले हात उलटसुलट करून पाहिले. इतकं वाईट तिला रहेमान गेला तेव्हाच वाटलं होतं.

मग नागपूरहून डॉक्टर उमरे आले. जनावरांपासून माणसांना होणाऱ्या रोगांवर त्यांचं संशोधन चाललं होतं. गावाला वाटलं हे शेळ्यांना औषध देतील, तर ते शेळ्यांचं रक्त काढत सुटले. वर माणसांचंही मागू लागले, तेव्हा भलेभले शेतात पळाले. खैरुनबीनं हात पुढे केला. कितीतरी दिवसांनी तिचा हात कुणीतरी मागत होतं.

काही आठवड्यांनी डॉक्टर परत आले ते सरळ तिच्या अंगणात. गाभडलेल्या शेळ्यांच्या आणि तिच्या रक्तात एकच रोग निघाला होता. तो पिलाच्या अंगावरच्या ओलीत असतो, कच्च्या दुधात असतो आणि सगळ्यात जास्त वारेत. तिला तो त्या फुंकरीतून लागला होता. मग त्यांनी विचारलं, वारेचं काय करता? खैरुनबी मोठ्या अभिमानानं त्यांना वडाकडे घेऊन गेली.

फांद्यांना चिंध्या लोंबत होत्या. कावळे त्या फाडत होते, खाली पडलेलं कुत्री ओढून नेत होती आणि त्याच सावलीत गावच्या शेळ्या दुपारच्या बसल्या होत्या. डॉक्टरांनी आधी वरच्या चिंध्यांकडे पाहिलं, मग खाली बसलेल्या शेळ्यांकडे. खैरुनबी काही खुळी नव्हती.

"म्हंजे हे माह्याच हातानं झालं न, डाक्टरसाहेब?"

"तुमच्या हातानं रोग इकडून तिकडे गेला, हे खरं," ते म्हणाले. "पण हात वाईट नाहीत, बाई. ते साबणानं धुवायचे असतात, एवढं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

चावडीवर सभा झाली. वार खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, दूध उकळून प्या, रोगी शेळ्या वेगळ्या काढा, असं डॉक्टरांनी समजावलं. कुणाचंही नाव घेतलं नाही. तेव्हा खैरुनबी खांबाला धरून उठली.

"वडाले वार मीच बांधत होती. तुमच्या सगळ्याइची."

शेवटी पुंडलिकराव खाकरले. "बांधायले तं आमीच देत होतो," ते म्हणाले आणि खाली पाहू लागले.

खैरुनबीची लाडकी शेळी चांदणीही रोगी निघाली. डॉक्टरांची माणसं तिला घेऊन गेली, त्या संध्याकाळी घरात चूल पेटली नाही. सुया टोचून टोचून खैरुनबीचा ताप मात्र हटला. डॉक्टरांचं संशोधन कुठं छापून आलं म्हणे, घाटंजीत ते कुणी पाहिलं नाही. पण पार झरीच्या जंगलातल्या गावांपर्यंत लोक वारेसाठी खड्डा खणू लागले आणि त्याला डाक्टरचा खड्डा म्हणू लागले. वडाच्या चिंध्या शब्बीरनं काढून जाळल्या.

पुढच्या हिवाळ्यात तानाबाई स्वतः खैरुनबीच्या दारात आली. शेळी अडली होती. खैरुनबीनं रुसायचं ठरवलं होतं, पण ते चप्पल सापडेपर्यंतच टिकलं. पिलू बाहेर आलं ते लुळं. सवयीनं तिचं तोंड त्याच्या नाकापर्यंत गेलं आणि थांबलं. डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे तिनं गवताची काडी नाकपुडीत फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. पिलू शिंकलं आणि तंगड्या झाडू लागलं.

वार खड्ड्यात गेली. खैरुनबी अंगणात हात धुवायला बसली, तेव्हा तानाबाईनं तांब्या तिच्याकडून घेतला. स्वतः साबण लावला, बोट न् बोट चोळलं, पाणी ओतलं. हात कधीचे स्वच्छ झाले होते, तरी तिनं सोडले नाहीत.

"काहून रडून राह्यली?" खैरुनबीनं विचारलं.

"हेच हात मी दारातून वापस पाठवले होते."

"मंग आता चहात गूळ जरा जास्त टाक," खैरुनबी म्हणाली, पण हात काही तिनं काढून घेतले नाहीत.