ग्राफिक्स कार्डाला घातलेलं तेल

ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याला मी शिलाई मशिनचं तेल घातलं. घालायचा होता थेंबच, पण बाटली जरा जोरात चेपली गेली आणि पंख्यासकट सगळं कार्ड न्हाऊन निघालं.

यामागे माझं शास्त्र होतं. सकाळपासून स्क्रीनवर हिरव्या रेघा येत होत्या आणि कॉम्प्युटरच्या डब्यातून खरखर ऐकू येत होती. खरखर म्हणजे यंत्र कोरडं पडलं, एवढं मी गिरणीत शिकलो होतो. तिथे तेल द्यायला वेगळा तेलवाला असायचा. आम्हा बदली कामगारांनी तेलाच्या डब्याला हात जरी लावला तरी जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आमचं सगळं कूळ काढायचा. मग संप झाला, गिरणी गेली, मी एका पतपेढीत शिपाई झालो. यंत्राला तेल द्यायची हौस राहिली ती राहिलीच. ती अशी लालबागच्या खोलीत, भर दुपारी फिटली.

फडक्यानं टिपलं आणि बटण दाबलं. आतून एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या आल्या. स्क्रीन काळी. सकाळी ज्या रेघांना शिव्या घातल्या होत्या, त्या तरी परत याव्यात म्हणून मी हात जोडले. रेघासुद्धा आल्या नाहीत.

कॉम्प्युटर बायकोचा. दादरला क्लास लावून ती व्हिडिओ जोडायला शिकली होती, लग्नांच्या सीडी करून द्यायची. त्या दिवशी आत होतं आमच्या बाजारातल्या कोळणीच्या मुलीचं लग्न. आम्ही त्या कोळणीला मावशी म्हणायचो. लग्नानंतर महिन्याभरात मावशीचा नवरा गेला. हळदीला तो मनसोक्त नाचला होता, पण कॅमेरावाल्यानं त्याच कॅसेटवर दुसरं कुणाचं तरी लग्न उतरवलं. म्हणजे आता तो माणूस नाचत होता फक्त आमच्या या डब्यात. मावशी संध्याकाळी सीडी न्यायला येणार होती आणि बायको कोऱ्या सीडी आणायला दादरला गेली होती.

तिच्या पर्समध्ये मोबाइल होता. मी तिला फोन केला नाही. ज्या पोरानं कॉम्प्युटर जोडून दिला होता, त्याला केला.

"काका, शिट्ट्या कशा वाजल्या?"

मी तोंडानं वाजवून दाखवल्या.

"मग कार्डच. काय केलंत त्याला?"

"काही नाही रे. जरा पुसलं."

"स्विच बंद करा, खटका दाबून कार्ड बाहेर काढा. स्क्रीनची वायर खाली बोर्डाच्या सॉकेटला लावा. चित्र आलं तर कार्ड गेलं, बाकी सगळं सेफ."

"आणि नाही आलं तर?"

"मग बघू."

डॉक्टर 'मग बघू' म्हणाला की नातेवाईक भिंत धरतात. मी कपाट धरलं.

कार्ड काढलं. पण वायर लावायला हात होईना. लावली नव्हती तोवर तो माणूस आत नाचत होता. लावल्यावर काळंच राहिलं असतं, तर त्याला दुसऱ्यांदा मारणारा मीच.

"बाय हाय का घरान?"

मावशी! बाजार लवकर आटपला म्हणून आधीच आली होती. उंबऱ्याशी टेकली आणि उघड्या डब्याकडे बघत राहिली.

"यान हाय तो?"

"हो, मावशी."

"बरा हाय ना?"

"बराय," मी म्हणालो.

"मग पोट फाडून कशाला ठेवलंस रं?"

"जरा हवा लागू दे म्हणून."

"म्हावरं उघड्यावर ठेवलं का नासतं, बाबा," ती म्हणाली. मग हळूच, "मना सगला नाच नको. हसतो तेवढा दाखव."

मी वायर उचलली, सॉकेटपर्यंत नेली आणि परत मागे घेतली.

तेवढ्यात बायको आली. दारातच तिला तेलाचा वास आला, तिनं माझ्याकडे बघितलं, मावशीकडे बघितलं. पाहुण्यासमोर एवढंच विचारलं, "कार्ड काढलंत?"

"काढलं."

"आणि वायर?"

मी नाही म्हणून मान हलवली. तिनं माझ्या हातातून वायर घेतली, खालच्या सॉकेटला लावली, बटण दाबलं. एकच आखूड शिट्टी. स्क्रीन काळी. मी डोळे मिटून घेतले. मावशीचं पान चघळणं थांबलं.

मग माउसची टिकटिक ऐकू आली आणि एकदम हळदीचा बेंजो वाजायला लागला.

डोळे उघडले तर तो नाचत होता. रंग फिके, पण तोच. डोक्यापासून पिवळा, कुणाची तरी छत्री फिरवत. कॅमेऱ्याजवळ येऊन हसला, समोरचा एक दात नव्हता. मावशी रडेल म्हणून मी पाण्याचा तांब्या पुढे केला. ती रडली नाही. त्यालाच ओरडली, "नवा सदरा पिवला केलान मेल्यानं!" आणि बायकोला म्हणाली, "परत लाव गो."

बायकोनं सीडी करून दिली, ती पदराखाली धरून मावशी गेली. बायको खाली बसून बाकीच्या कव्हरांना घड्या घालत होती. मी उभाच होतो, ओरडा खायच्या तयारीत.

मान वर न करता ती म्हणाली, "एवढं घाबरला होतात, तर मला फोन करायचा. ओरडले असते मी. पण टॅक्सी करून आले असते."