मी कापलेलं सागवानी विमान

आमच्या मूल गावात विमान बनतं असं मी कुठंही सांगितलं की लोक आधी माझ्याकडं बघतात, मग एकमेकांकडं बघतात, आणि मग कोणीतरी म्हणतंच, "काऊन फेकून राह्यली बाई?" मी फेकत नाही. बंद पडलेल्या राइस मिलच्या शेडमध्ये मी आजवर तीन विमानं उभी केली आहेत. लाकडाची. ती उडत नाहीत हे मलाही माहीत आहे, पण ती नसती तर उडणारी बनली नसती. ज्याला पटत नसेल त्यानं खुशाल येऊन बघावं, चहा पाजीन.

मोठमोठे शेठलोक आपापल्या कामासाठी जी छोटी विमानं ठेवतात, त्यातली ही. कंपनी बाहेरदेशातली, डिझाइनचं ऑफिस नागपूरला. नवं विमान काढायच्या आधी ते लोक आतली खोली खऱ्या मापात लाकडात उभी करून बघतात. माणूस आत शिरतो, बसतो, उठतो. डोकं कुठं आपटतं, गुडघा कुठं अडतो, संडासाचं दार पूर्ण उघडतं की नाही, सगळं बघतो. त्या ऑफिसची टेबलं आणि कपाटं आम्ही सुतारांनी, म्हणजे अब्बा, भाऊ आणि मी, केली होती. अब्बांचा हात बघून तिथल्या इंजिनिअर मॅडम खूश झाल्या आणि हे काम आमच्या शेडमध्ये आलं.

पहिल्याच दिवशी मॅडमनी समजावून सांगितलं होतं. "हे एक विमान नाही, ताई, हे खानदान आहे. नाक तेच, शेपूट तेच, पायलटची जागा तीच, म्हणजे पायलटला पुन्हा पहिल्यापासून शिकायला नको. पोट तेवढं वाढवत न्यायचं. पहिलं लहान, दुसरं लांब, तिसरं त्याहून लांब आणि सगळ्यात दूर जाणारं." म्हणून ड्रॉइंगवर साफ लिहिलं होतं, हलकी प्लाय वापरा, सगळे जोड बोल्टचे ठेवा. आज खिडकी इथं आहे, उद्या वीतभर पुढं सरकेल.

मी आयटीआयमध्ये ड्रॉइंगचा कोर्स केलेला, त्यामुळे कागद वाचायचं काम माझं. मी अब्बांना बोल्टची ओळ वाचून दाखवली. एकदा नाही, दोनदा. अब्बा म्हणाले, "बोल्टावर मेळ्यातली दुकानं उभी करते लोक. आपण नाई."

आता हे बाहेरच्याला कळणार नाही. आमच्या भागात जंगल सागवानाचं आणि सुतार त्या सागवानाचे. बापानं केलेला पलंग नातवाच्या लग्नात कुरकुरला, तर लोक सुताराच्या घरी येऊन शिव्या देतात. उघडणारा सांधा म्हणजे इथं सुताराची बेइज्जती. म्हणून अब्बांनी लाकडाच्या डेपोतून सागवान आणलं, विमानाच्या पोटाची बैलबंडीच्या चाकासारखी गोल कडी केली, खाचा मारल्या, लाकडी खुंट्या ठोकल्या आणि वरून सरस ओतला. विमान असं उभं राहिलं की हत्ती नाचला असता तरी हललं नसतं. अख्खा मोहल्ला बघायला आला.

मॅडम आल्या, त्यांनी कड्यावरून हात फिरवला. "चाचा, काय सुंदर केलंय! पण हे उघडायचं कुठून?"

"उघडायचं काऊन?" अब्बा म्हणाले. "माहं काम उघडत नाई."

पहिल्या विमानाचं कसंतरी निभावलं. खिडक्या सरकवायच्या वेळी आम्ही ठिगळं लावली. मग दुसऱ्याचं ड्रॉइंग आलं. तेच विमान मधोमध कापायचं, दोन भाग दूर सारायचे आणि मध्ये नवा तुकडा घालायचा. सोमवारी कंपनीचे बाहेरदेशातले लोक आत बसून बघणार होते. मॅडमनी फोनवर आवाज चढवला नाही, पण साफ सांगितलं, "सोमवारी हे लांब झालेलं नसलं, तर हेही आणि तिसरंही पुण्याच्या वर्कशॉपला जाईल. माझ्या हातात काही राहणार नाही."

अब्बांनी ऐकलं, रंधा खाली ठेवला आणि विमानात जाऊन बसले. पुढच्या खुर्चीत, मांडी घालून. "मी बनवलं ते कापू देत नाई. कापायचंच असन, तर मले घेऊन कापा."

भाऊ दारात उभा होता. त्याला म्हटलं, अरे बोल ना काही. तर म्हणे, "अब्बा नाई म्हणते ना? झालं मंग. तू जा, पालिश मार."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पालिश मार! आमच्या घरात मुलीच्या हाती काचकागद आणि पालिशचा बोळा येतो, बाकीचं मुलांचं. गावात भावाच्या नावावर खपलेल्या किती दरवाजांवर माझी करवत चालली आहे, हे त्याला माहीत, मला माहीत आणि शेडच्या भिंतींना माहीत. मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पण हे विमान मला हवं होतं. दुकानाचं नाव व्हावं म्हणून नाही, अब्बांसाठी नाही, माझ्यासाठी. ते ड्रॉइंग उघडलं की जे वाटायचं ते मला दुसऱ्या कशातही वाटलं नाही. तिसरं विमान पुण्याला गेलं असतं, तर मी जन्मभर दुसऱ्यांची कपाटं चमकवत बसले असते. मी नाही बसणार, म्हटलं. बस्स.

मी विमानाच्या दारात गेले. "अब्बा, बाहेर या."

"नाई येत."

"मग मी कापते."

"काप ना! तुह्या बापाले काप."

"बापाले नाई कापत, अब्बा. बापाच्या हट्टाले कापून राह्यली."

अब्बांनी माझ्याकडं असं बघितलं की लहान असते तर पळत सुटले असते. पळाले नाही. मी चहूकडून लाकडी टेकू लावले, खडूनं रेघ मारली आणि कटर मशीन उचललं. मशीन चालूच होईना. मागं बघते तर भाऊ बोर्डाजवळ उभा, मेन स्विच पाडलेला.

"वा रे मर्दा," मी म्हटलं. "लाइट घालवली? घालव. करवतीले लाइट लागत नाई."

मी भिंतीवरची करवत काढली, स्टुलावर चढले आणि छतावरच्या पट्टीला दात लावले. अब्बांचं सागवान कापणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. घामानं डोळे चुरचुरायला लागले, ओढणी कंबरेला खोचली. आत अब्बा बसलेले, डोक्यावर लाकडाचा भुसा पडतोय, पण गडी हलायला तयार नाही. त्यांच्या टोपीवर भुसा साचलेला मला खिडकीतून दिसत होता. रडू येत होतं आणि रागही येत होता. हात थांबवला असता तर पुन्हा उचलला नसता, म्हणून थांबवला नाही.

पहिली पट्टी गेली, दुसरी गेली. बाजूच्या जाड पट्टीवर करवत ठेवली आणि आतून आवाज आला.

"थांब."

मी थांबले नाही.

"थांब म्हणतो ना! तिथी खिळा हाये. करवत उसळन, तोंडावर येईन तुह्या."

मी वाकून खिडकीतून आत बघितलं. सागवानात खिळा मारणाऱ्याला अब्बा सुतार म्हणत नसत, कसाई म्हणत. "खिळा? तुम्ही मारला?"

"मारला," ते समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले. "ते लाकूड वाकडं बसून राह्यलं होतं. चार बोटं मागं घे."

भावानंही ऐकलं. तो बोर्डापासून बाजूला झाला. मी रेघ पुसली, चार बोटं मागं नवी मारली आणि पुन्हा सुरू केलं. लाइट आली की नाही ते मी बघितलंही नाही.

ती पट्टी सुटली. शेवटची, माथ्यावरची राहिली होती. अर्धी कापून झाली आणि सगळं धूड मधून थोडं दबलं, करवत लाकडात घट्ट अडकली. पुढं जाईना, मागं येईना. मी जोर लावला, तर स्टूल डगमगलं. टेकू ठोकायचे तर खाली उतरावं लागणार, आणि उतरले तर करवतीचं पातं वाकणार. भाऊ तिथंच हात लोंबकळत ठेवून उभा. मला वाटलं, गेलं. सोमवार गेला, विमान गेलं, आणि वर अब्बांचं बोलणं ऐकायचं ते वेगळंच.

आत खुर्ची करकरली. अब्बा उठले, वाकत वाकत माझ्या खाली आले आणि छताच्या कड्याला खांदा लावून उभे राहिले. म्हातारा माणूस, गुडघे दुखतात, पण खांदा लावला आणि कडं वर उचललं. करवत मोकळी झाली.

आमच्या कामात कापणारा मिस्त्री असतो आणि धरणारा त्याच्या हाताखालचा. अब्बांनी उभ्या जन्मात दुसऱ्याच्या करवतीखाली लाकूड धरलं नव्हतं. भावाच्या नाही, कोणाच्याच नाही.

"चालव," ते म्हणाले. "मी धरतो."

 त्या वेळी मी रडले असते, तर त्यांनी करवत आपल्या हाती मागितली असती, हे मला पक्कं माहीत होतं. मी करवत दोन्ही हातांनी धरली.

"नीट धरा, अब्बा," मी म्हटलं. "हलू नका."