दोघी मनकर्णा, एक ताम्रपत्र

बेचाळीसच्या चळवळीत आमच्या मनकर्णाआत्यानं गोवऱ्यांच्या टोपलीत पत्रकं लपवून अर्ध्या नागपुरात वाटली आणि एकदाही पोलिसांच्या हाती लागली नाही. इथंच तिचं चुकलं. तिचे यजमान चंपतराव तीस वर्षं चारचौघांत सांगत आले, "चळवळ कायची? माहेरी पापड लाटत होती." बहात्तर साली सरकार स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपत्रं देणार असं कळलं. आत्याला ते हवं होतं, फक्त चंपतरावांच्या नाकासमोर धरायला.

नागपुरातल्या सदर भागातल्या सरकारी कचेरीत मी तिच्यासोबत गेले. कृष्णकांत नावाच्या बाबूनं जुनं दप्तर उघडलं.

"मनकर्णाबाई, सहा महिने तुरुंग. वा! द्या अंगठा."

"मी तं कधी जेलात गेलीच नाही!"

अंगठा अर्थातच जुळला नाही. खरी आत्या तोतया ठरली.

मग तिला एकदम गोवऱ्यावाली बायजाबाई आठवली. तिच्याकडूनच आत्या गोवऱ्या घ्यायची, आणि बेचाळीसमध्येच ती अचानक दिसेनाशी झाली होती. मनकर्णा सापडेना म्हणून वैतागलेल्या पोलिसांनी गोवऱ्यांवरून तिलाच मनकर्णा ठरवून आत टाकलं असणार. नंदनवन वस्तीत आम्ही तिला शोधून काढलं.

"काहून वं, सांगितलं नाही का, मी मनकर्णा नाही म्हणून?"

"दोन दिवस सांगितलं न बाई. कोणी आयकलं नाही. मंग तिथल्या बाया मले ताई म्हणू लागल्या. घरी तं मले कोणी नावानंही हाक मारे नाही. राहिली मंग गप."

आत्यानं तिला हाताला धरून कचेरीत आणलं.

अर्जावर नाव आत्याचं, अंगठा बायजाबाईचा. कृष्णकांत खूश. कागद जुळला, माणसं कशाला जुळायला हवीत!

समारंभाला चंपतरावांना ओढूनच आणलं होतं. नाव पुकारलं. आत्या उठली, दोन पावलं गेली आणि परत फिरली.

"जा वं बायजा. मी हौसेनं फिरली. तू काही न करता सहा महिने भोगलं."

बायजाबाई मंचावर चढली. चंपतराव शेजारच्याला ओरडून म्हणाले, "पाहा! म्हटलं नव्हतं मी? मनकर्णा दुसरीच होती गा!"

आत्या इतक्या जोरात टाळ्या वाजवत होती की तिला ते ऐकूच गेलं नाही. मला गेलं. अजून तळपायाची आग मस्तकात जाते.